मुशी फिरता

मित्रांनो, सोलापुरात नव्या पेठेमागील एका घरात, कपाटाच्या तळाशी एक टॉवेल घडी घालून ठेवला आहे. त्याला कोणी वापरत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. तो मी.

माझा जन्म इथल्याच मागावर झाला. ओल टिपणे हा माझा धर्म, आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. "एकदा फिरवला की अंग कोरडं," असे माझा मालक गुरुलिंग आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगे. मला मात्र त्याने घरासाठीच ठेवले.

गतवर्षी तो, त्याची पत्नी चंद्रिका आणि धाकटा भाऊ बसवेश कोकणात गेले. समुद्र त्यांनी प्रथमच पाहिला. तिन्हीसांज झाली होती, पाणी गढूळ होते. एक कोळीण जाळे झाडून मासळीची आतडी लाटांत टाकत होती.

ती म्हणाली, "पाण्यात उतरा नको. मुशी फिरता."

"म्हशी?" गुरुलिंग हसला. "आमच्याकडं तळ्यात रोज डुंबतात की."

"व्हय अण्णा, पाठीवर बसूनच येतो बघ," म्हणत बसवेशने मला चंद्रिकेच्या खांद्यावर टाकले.

"भावजी, समुद्रात कुटं म्हशी असतील? विचारा तरी तिला."

तोवर बसवेश एकटाच छातीभर पाण्यापलीकडे गेला होता.

मुशी म्हणजे शार्क, हे त्यांना कळले ते बसवेशला बाहेर ओढून आणल्यावर. मला त्याच्या मांडीवर आवळून बांधले. मी रक्त टिपू लागलो. मित्रांनो, टिपणे मला येत होते. थांबवणे येत नव्हते. वाटेतच माझ्यातली ऊब निवत गेली. दवाखान्याच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा बसवेश उरला नव्हता.

मला अनेकदा धुतले. डाग गेला, तरी कोणी अंगाला लावत नाही. दोष मुशीचा, असे पाहुणे म्हणतात. मला ते मान्य नाही. समुद्र तिचे घर आहे. आतड्यांच्या वासाने ती येणारच, आणि गढूळ पाण्यात पाय कोणता व मासा कोणता, हे तिने कसे ओळखावे?

आजही गुरुलिंग अंघोळीहून ओल्या अंगानेच येऊन उभा राहतो.

"ती बाई मुशी म्हणाली होती, का म्हशी?"

"म्हशीच म्हणाली. मलाबी तसंच ऐकू आलं," चंद्रिका खोटे सांगते. तेवढ्यावर त्याचा तो दिवस निघतो.

म्हणून विनवतो, संध्याकाळी, गढूळ पाण्यात, जाळी धुतात तिथे उतरू नका. एकट्याने खोल जाऊ नका. आणि तिथल्या माणसाचा शब्द कळला नाही, तर हसू नका. पुन्हा विचारा. सांगणारे माणूस तेव्हा समोरच उभे असते.