चहा पास झाला

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगताई म्हणत, कारण दुसऱ्याला न दिसणारी घाण तिला हमखास दिसायची. त्या दिवशी ती घाण रक्तदाबाच्या गोळ्यांत दिसली. नव्या यंत्राने स्वच्छ सांगितलं: नको ते रसायन, परवानगीच्या मर्यादेच्या तिप्पट.

मोठे साहेब धापा टाकत आले. माल भरलेला ट्रक दारात उभा होता.

"भिंगताई, जुन्या यंत्रावर लावा. ते शहाणं आहे."

शहाणं म्हणजे काय, तर मर्यादेच्या दहापट घाण झाल्याशिवाय ते डोळाच उघडायचं नाही. त्याने इमानेइतबारे छापून दिलं: आढळलं नाही.

"झालं! करा सही."

"नाही करणार."

"अहो, आढळलं नाही म्हणजे नाहीच!"

"त्याला दिसलं नाही, साहेब. माझ्या आजेसासूबाईंना चष्म्याशिवाय झुरळ दिसत नाही. म्हणून काय ते घर सोडून गेलं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद. "तुमचं नवं यंत्र नुसतं नाकं मुरडतं! माझा चहा घातलात तरी त्यात हेच रसायन काढेल!"

भिंगताईने त्यांच्या हातातला कपच काढून घेतला. थोडा चहा गाळला, नव्या यंत्रात घातला. अर्धा तास सगळं खातं कामधंदा सोडून बसलं. चहा चक्क निर्दोष निघाला.

"आता तुमच्या शहाण्याची पाळी." तिने कपाटातून त्याच रसायनाची बाटली काढली आणि सगळ्यांदेखत, मर्यादेच्या पाचपट भरेल एवढं मोजून कपात ढवळलं. त्यातला घोटभर जुन्या यंत्राला पाजला.

यंत्राने छापलं: आढळलं नाही.

कागद आणि कप, दोन्ही तिने साहेबांपुढे सरकवले.

"घ्या. पास झालाय."

साहेबांनी कपाकडे बघितलं, मग दाराकडे.

"गार झालाय," ते पुटपुटले.

"गरम करून देते की!"

साहेबांनी कप बोटाने लांब ढकलला. "तुमची नोकरी जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. तुम्ही एक घोट घेत नाही, आणि लोकांनी रोज सकाळी नेमाने घ्यायचं?"

तिने चहा विषारी कचऱ्याच्या पिंपात ओतला, नोंदवहीत 'माल नामंजूर' लिहून खाली झोकदार सही ठोकली आणि खिडकीतून ओरडली, "ड्रायव्हरदादा, खोकी उतरवा!"

"किती?"

"सगळी!"