घरच्या माणसाला कसलं माप?

गल्लीतल्या यच्चयावत माणसांच्या कंबरा तिच्या टेपखालून गेल्या होत्या. एक नवऱ्याची तेवढी राहिली होती. "घरच्या माणसाला कसलं माप?" म्हणायची ती शिंपीण. मिठी मारली की अंदाज यायचा, संपलं! आणि कंबर तरी कशी, चांगली भरलेली, ऐसपैस.

मग तो वेल्डिंगच्या कामाला परदेशी गेला, त्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी ती त्याच अंदाजाने पँट शिवून धाडायची आणि दरवर्षी तो फोनवर सांगायचा, "झक्कास बसली." फोनमध्ये तोंड तेवढं दिसायचं, कंबर कुठली दिसायला! जेवलात काय विचारलं की उत्तर ठरलेलं. आज मसूर, उद्या चवळी, परवा राजमा. भिजवायचं आणि कुकरला लावायचं, गड्याला येत होतं तेवढंच. ती हसायची. 'बास झालं, आता या' हे शब्द रोज ओठांवर यायचे, रोज गिळायची.

शेवटी महिन्याच्या सुट्टीवर तो आला. दारातच तिने मिठी मारली आणि चरकलीच. हात पार एकमेकांना ओलांडून गेले. शर्ट वर करून बघते तर पट्ट्याखाली पँटीच्या चुण्याच चुण्या, आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेली भोकं.

"अहो, हे काय! आजारी होतात?"

"छे गं. डॉक्टर तर खूश आहे. कडधान्यं खाऊन पोट उतरलं म्हणतो."

"मग बोलला का नाहीत? लोक हसले असतील ना माझ्या शिवणाला!"

त्याने शर्ट खाली ओढला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू बारीक मापाची शिवली असतीस. मला नको होती ती. तुझ्या हातांना मी जसा ठाऊक होतो, तसाच राहू दे म्हटलं."

तिला रागही आला आणि तिचा जीवही तुटला. इतकी वर्षं ती जीव ओतून शिवत होती आणि घालणारा माणूस तिकडे तिच्या नकळत वेगळाच होत चालला होता.

दुसऱ्या दिवशी तिने टेप काढली, नीट माप घेतलं, कापडावर खडूच्या रेघा ओढल्या. "जाताना दोन नव्या घेऊन जा," म्हणाली. कात्री उचलली, पण हात काही चालेना.

"मला नाही शिवायच्या," ती एकदम म्हणाली. "पोस्टाने पँटी धाडून कंटाळले मी. मला तुम्ही हवे आहात. जाऊ नका."

त्याने तिच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली.

"मग आत्ताच कापू नकोस," तो म्हणाला. "वर्षभर तुझ्या हातचं खाऊ दे. मग घे माप."