खरवडलेलं नाव

“खरवडायला काय वापरायचात?” निरीक्षकबाईंनी विचारलं.

“मासळीचाच चाकू, मॅडम. धारेने नाही. पाठीने.”

चौकीच्या कोपऱ्यातल्या कारकुनाने कळफलक बडवला.

लिहिलं: मी, तोमासा पाद्रोन, वय एकसष्ट, धंदा बाजारात मासे साफ करणे, असे सांगते की एकोणीस वर्षे मी श्री. आर्काडिओ बेर्रिओ यांच्या ध्वनिमुद्रिकांवरील कागद काढण्याचे काम केले.

लिहिलं नाही: कागद आधी थुंकीने ओला करायचा. पाण्याने नाही, पाणी ओघळून गाण्याच्या खाचांत जातं. मग बाहेरून मधल्या भोकाकडे यायचं. खवल्यांचंही असंच, शेपटीकडून डोक्याकडे. शेवटी काळी तबकडी नुसती चमकत राहायची. जगात तिला आईबाप नसल्यासारखी.

पंखा फिरत होता, पण वारा कारकुनाच्या वाट्याचा होता. तोमासाच्या डावीकडे आर्काडिओ मालक बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, छडीवर दोन्ही हात ठेवून. उजवीकडे येसिद. बाजारात तिच्या मासे साफ करायच्या फळीपासून चौथं दुकान त्याचं. लोकांच्या पेन ड्राइव्हवर गाणी भरून देतो आणि तीच गाणी इंटरनेटवर फुकट टाकतो.

भांडण एका गाण्याचं होतं. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. सगळं कार्ताहेना शहर त्याला ‘लंगडी’ म्हणतं, कारण त्यातला ढोल एका पायावर उतरतो आणि दुसरा टाकायला विसरतो.

लिहिलं: तक्रारदाराचा ‘बहिरा’ नावाचा पिको, म्हणजे नाचासाठी भाड्याने द्यावयाचा मोठा ध्वनिसंच, आहे.

लिहिलं नाही: दोन पुरुष उंच रंगवलेली भिंत, तिच्यात चौदा कर्णे. रविवारी ‘बहिरा’ वाजला की तीन गल्ल्यांपलीकडच्या कपाटातल्या बश्या नाचायच्या. बंदरात आफ्रिकेहून येणाऱ्या बोटींचे खलाशी तबकड्या आणायचे. ‘लंगडी’साठी मालकांनी आपल्या होडीचं इंजिन दिलं होतं. दुसऱ्या पिकोवाल्याला नाव कळलं तर तोही मागवणार. म्हणून नाव खरवडायचं. ज्याच्याकडे नाव, त्याच्याकडे गर्दी.

“अकरा वर्षं ते गाणं फक्त माझ्याकडे होतं मॅडम,” मालक म्हणाले. “लोक तीन बस बदलून यायचे. आता मोटारसायकलवाल्याच्या फोनात वाजतं. मग माझ्या भिंतीसमोर कोण येणार? कुत्री?”

“कुत्र्यांनाही ऐकू येतं काका,” येसिद म्हणाला. “आणि गाणं मी काही तुमच्या घरात शिरून नाही आणलं. तुमच्याच भाच्याने दिलं, तुमची मशीन दुरुस्त करता करता.”

“भाच्याचं मी बघतो.”

“मला एवढंच सांगा, गाणाऱ्याला तुम्ही काय दिलंत? इंजिन खलाशाला दिलंत. गाणाऱ्याला?”

मालकांनी छडी एकदा जमिनीवर टेकवली.

“तू काय दिलंस?”

“काहीच नाही. पण मी त्याचं नाव तरी पुसलं नाही.”

निरीक्षकबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासूनची ही सहावी तक्रार होती. “गाणं कुणाचं आहे? ज्याचं आहे त्याने तक्रार करायची असते. नाव सांगा.”

“नाव नाही मॅडम,” मालक म्हणाले. “म्हणूनच तर ते माझं.”

कारकुनाने हात थांबवून बघितलं. हे लिहायचं की नाही, त्याला कळेना.

नावं मालकांच्या एका वहीत होती. ती वही पुराच्या वर्षी गेली. मालकांनाही आता आठवत नव्हतं. आज सकाळी बसथांब्यावर त्यांनी तोमासाला बाजूला घेतलं होतं. तिच्यासाठी भाजलेल्या मक्याची भाकरी आणली होती, चीज घातलेली.

“एवढंच सांग तोमा, की तबकडी माझ्याकडे आली तेव्हाच कोरी होती. कुणाचं नावच नव्हतं. म्हणजे प्रश्नच मिटला.”

“कोरी नव्हती मालक.”

“मला माहितीय नव्हती. ‘बहिरा’ सोडून माझ्याकडे काय उरलंय? भिंत विकायला काढली तर लाकडाच्या भावात जाईल.” मग तिच्याकडे न बघता: “रोसेंदोच्या वेळी मी काही विचारलं होतं का?”

रोसेंदो तिचा नवरा. तो गेला तेव्हा शवपेटी, खड्डा, पाद्री, सगळं मालकांनी केलं होतं. आणि चार दिवस ‘बहिरा’ बंद ठेवला होता. हे त्यांनी आज पहिल्यांदा काढलं. तिने भाकरी अर्धी खाऊन रुमालात बांधली.

लिहिलं नाही: तिला कामावर घेताना मालकांनी एकच प्रश्न विचारला होता. वाचता येतं? नाही, ती म्हणाली होती. उत्तम, ते म्हणाले होते. वाचता न येण्यामुळे तिला आयुष्यात मिळालेलं हे एकच काम.

“तोमासाबाई,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “तबकडी तुमच्या हातात आली तेव्हा तिच्यावर नाव होतं की नव्हतं?”

मालक छडीच्या मुठीकडे बघत होते. सदऱ्याच्या कॉलरवर घामाची रेघ चढली होती. येसिद पाय हलवायचा थांबला.

तोमासाने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. उजव्या अंगठ्यावर तिरकी पांढरी रेघ होती. शेकडो तबकड्या तिने खरवडल्या, त्यातली एकही आठवत नाही. ही आठवते. कारण हिच्यावरून चाकू सटकला होता. रक्त थांबेपर्यंत अंगठा तोंडात घालून ती त्या निळ्या कागदावरच्या सगळ्यात मोठ्या खुणांकडे बघत बसली होती. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग मालक आले आणि तबकडीवर रक्त सांडलं म्हणून ओरडले. तिने उरलेलं खरवडून टाकलं.

“होतं,” ती म्हणाली.

मालकांनी डोळे मिटले.

“काय होतं?”

“वाचता येत नाही मॅडम मला.”

“मग झालं तर,” कारकून पुटपुटला.

“पेन द्या.”

कारकुनाने एका रद्द अर्जाची मागची बाजू पुढे केली. तोमासाने पेन चाकूसारखं धरलं. आधी एक कोपरा काढला, भिंतीला जमीन भेटते तसा. मग एक डोळा. मग शिडी, एकाच पायरीची. पुन्हा डोळा, पहिल्याएवढाच. मग शेजारी शेजारी दोन डोंगर. मग एक उभी बाई, छाती आणि पोट दोन्ही पुढे आलेली. शेवटी फणी, तीन दातांची.

खूप वेळ लागला.

निरीक्षकबाईंनी कागद उचलला. “लोहोम्बे,” त्यांनी ती रोमन अक्षरं जोडून वाचलं.

तोमासाने तो शब्द ओठ हलवून एकदा म्हणून पाहिला. तिला वाटलं होतं, याहून लांब असेल.

येसिद फोनवर शोधत होता. बराच वेळ शोधत राहिला. “काहीच येत नाही,” तो म्हणाला. या वेळी टोमणा नव्हता.

“तक्रार निकाली,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “हा लोहोम्बे, किंवा त्याचं कुणी, आलं तर बघू. तुम्हा दोघांचं त्या गाण्यावर काही नाही.”

लिहिलं: वरील मजकूर मला वाचून दाखवला व तो बरोबर आहे.

त्याखाली तिने अंगठा उमटवला. निळ्या शाईतून एक तिरकी रेघ कोरी राहिली.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. बसथांब्यावर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. दोन बस गेल्या. मालक चढले नाहीत, म्हणून तीही चढली नाही.

“शेवटी फणीच होती?” त्यांनी विचारलं.

“तीन दातांची.”

“वहीत मी घाईत लिहिलं असणार,” ते म्हणाले. “मला ते कधी नीट म्हणताच आलं नाही.”

तिने रुमाल सोडला आणि उरलेली भाकरी बाकावर मध्ये ठेवली. त्यांनी घेतली नाही. तिसरी बस आली तेव्हा ते चढले. तिच्यासाठी दार धरून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात येसिदच्या दुकानात ‘लंगडी’ वाजत होती. पाटीवर त्याने खडूने नवं काहीतरी लिहिलं होतं. तोमासाने लांबून ओळखलं, कोपरा, डोळा, शिडी. दुपारी त्याच्या शेजारी कुणीतरी फळी धुतली, पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि पाटीवर डोंगरापर्यंतच उरलं.

तिने गिऱ्हाईकाचा मासा बाजूला ठेवला. चाकू उलटा केला, पाठीकडून धारेकडे. फळीच्या कडेला, जिथे तिचा हात रोज टेकतो तिथे, टोक रोवलं आणि सात खुणा कोरल्या.

“मावशी, माझा मासा,” गिऱ्हाईक म्हणालं.

“देते.”

संध्याकाळपर्यंत त्या खाचांत खवले भरले. ती मधून मधून थांबून नखाने ते काढत होती.