सासूबाईंचा गुडघा

तिने सासूबाईंच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ती घेत असलेल्या योगवर्गातल्या बाकीच्या अकरा जणी तळव्याला तळवा लावून बद्धकोनासनात बसल्या होत्या. त्यांचे गुडघे जमिनीला टेकायला आले होते. सासूबाईंचा नेहमीप्रमाणे वीतभर वरच.

गेली तीन वर्षं रोज सकाळी ती त्या गुडघ्यावर भार देत आली होती. सोडा आई, सैल सोडा, असं वर म्हणत. एकदा तर सगळ्यांसमोर, मनातला हट्ट गुडघ्यात उतरतो, असंही बोलून गेली होती. सगळ्या हसल्या होत्या, सासूबाईसुद्धा.

शरीररचनेचा अभ्यासवर्ग तिने लावला तो खरं तर प्रमाणपत्रासाठी. काल तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन वेगवेगळ्या माणसांच्या खुब्यांची हाडं मांडली आणि मांडीचं हाड खोबणीत फिरवून दाखवलं. एका खुब्यात ते पार आडवं झालं, दुसऱ्यात अर्ध्यावर अडलं. हाडाला हाड लागलं, पुढे वाटच नाही, बाई म्हणाल्या; जन्मभर दाबलंत तरी उतरायचं नाही, दुखेल मात्र. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. हिला एकच गुडघा दिसत राहिला, आणि स्वतःची अतोनात लाज वाटली.

आज वर्ग सुटल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तिने सगळं सांगून टाकलं. चूक तुमची नव्हती, माझी होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. वर्ग बंदच करते आता, म्हणाली, आणखी कुणाचं काय मोडून ठेवलं असेल देव जाणे.

सासूबाईंनी हातातली सतरंजी घडी घालून बाजूला ठेवली. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं. निम्म्या गावाच्या कमरेची मापं हिला तोंडपाठ आहेत, असं सासरे कौतुकाने म्हणत.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन माणसांचं माप कधी एक येतं का गं?"

"मग बोलला का नाहीत, आई?"

"माझा पहिला कोट एका खांद्यात चांगला दोन बोटं आखूड झाला होता. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, खांद्याकडे बघूनही छान झालाय म्हणालं, आणि तोच घालून दुकानातून बाहेर पडलं. म्हणून तर मी दुसरा बेतायला घेतला."

तिचे डोळे भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "किती दिवस घातला त्यांनी तो?"

"विरेपर्यंत."

सासूबाई भिंतीला धरून सावकाश उठल्या, आणि चपला पायात सरकवता सरकवता म्हणाल्या, "उद्या ती नवी बाई यायची आहे ना, डाव्या पायाने जरा लंगडणारी? तिचं माप नीट घे."