डेल्मरच्या बंदुकीतलं रानमांजर

डेल्मर प्रुइट आनंदाची बातमी घेऊन आला होता, हे आधी सांगितलं पाहिजे. माणूस मनाने निर्मळ. एका हातात बंदुकीची लांब पेटी, दुसऱ्या हातात काडतुसांचं कोरं खोकं आणि तोंडभर हसू, असा तो भर दुपारी मर्विन ऑस्टबीच्या वर्कशॉपमध्ये शिरला. बाहेर गव्हाची कापणी उरकत आली होती. वाऱ्यावर भुसा उडत होता आणि स्नोई नावाचे डोंगर वणव्याच्या धुरात बुडालेले होते.

"मर्विन, लेका, तुझं मांजर माणसाळलं की," म्हणत त्याने खोकं लेथ यंत्राच्या कडेला ठेवलं.

मर्विनने हात पुसले, चष्मा लावला आणि त्यातलं एक काडतूस उचललं. उचलताक्षणीच त्याच्या बोटांना कळलं. डोळ्यांना कळायला अजून वेळ होता.

कारखान्याने न काढलेलं, कुणा हौशी माणसाने घरच्या घरी घडवलेलं काडतूस, त्याला बंदुकांच्या शौकिनांत रानमांजर म्हणतात. दुकानातली पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची, खांदा मागे रेटायचा. मग बंदुकीच्या नळीत तिच्या मापाचा कोठा कोरायचा. पहिला बार काढला की पुंगळी आतल्या आत फुगते आणि त्या कोठ्याचं रूप घेते. फायदा काय? खरं सांगायचं तर फारसा नाही. गोळी जराशी वेगाने जाते, जराशी सरळ जाते. मर्विनची बायको आर्डिस म्हणायची, की मरणाऱ्या हरणाने आजवर कधी काडतुसाचं नाव विचारलेलं नाही. पण हौसेला फायदा विचारू नये. दुकानात शंभर जातींची काडतुसं रांगेने मांडलेली असताना माणूस अर्धं आयुष्य घालवून आणखी एक करतो, ते का? तर आपण जन्मलो नसतो तर जी झालीच नसती, अशी एक तरी वस्तू जगात असावी म्हणून. देवाने माणसाला घडवण्याची हौस दिली, आणि घडवलेलं टिकवण्याची सत्ता मात्र आपल्या मुठीत ठेवली.

मर्विनच्या काडतुसाचं नाव 'ऑस्टबी पंचवीस'. धान्याच्या यंत्रांच्या कारखान्यात तो जन्मभर लेथवर उभा राहिला, आणि सुट्टीच्या दिवसांत त्याने हे घडवलं. कोठा कोरायचा रीमर स्वतः घासून केला. पाव इंचाची गोळी, बारीक मान, खांद्याला असा उतार की दारू जळताना एक ठिणगीही वाया जाऊ नये. एकेकाळी खोऱ्यात पाच बंदुकांना हा कोठा होता. गोळीबाराच्या मैदानावर नंबर लागला की प्रत्येकाने आपल्या काडतुसाचं नाव ओरडून सांगायचं, अशी तिथली रीत. कुणी "ऑस्टबी पंचवीस" म्हटलं, की मर्विन मान खाली घालून बूट न्याहाळायचा. कारण वर पाहिलं असतं तर हसू दिसलं असतं.

पाचातली एक बंदूक मालकामागे त्याच्या मुलाने आयडाहोच्या माणसाला विकली. त्याला काडतूस कुठे मिळेना, तेव्हा त्याने नळीच बदलून टाकली. एक राउंडअप गावातल्या दारूच्या गुत्त्यात भिंतीवर टांगलीय, कोठा बंद करणारा बोल्ट काढून. एकीची नळी जळून संपली, मालक त्याआधीच संपला होता. उरल्या दोन. एक मर्विनची आणि एक डेल्मरची.

मर्विनने व्हर्नियर घेतलं. मान मोजली, खांदा मोजला, बूड मोजलं. दुसरं काडतूस काढून पुन्हा मोजलं. खांद्याचा उतार तोच. मान तीच. अंगाने केसभर लांब आणि केसभर जाड, एवढाच काय तो फरक. बुडावर दूरच्या एका मोठ्या कंपनीचा शिक्का होता आणि एक चकचकीत नाव, ऐकताच विसरावं असं.

"तुझंच आहे," डेल्मर म्हणाला. "आता प्रत्येक दुकानात मिळणार. मी म्हणत होतो की नाही, की तुझं गणित बरोबर आहे म्हणून?"

मर्विनला चोरी झाली असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. चोराला शिव्या तरी देता येतात. पण त्याने ते माप कधी कुणाला पाठवलं नव्हतं आणि या तालुक्याबाहेर त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. कंपनीतल्या कुणी पोराने संगणकासमोर बसून तेच गणित मांडलं आणि त्याला तेच उत्तर मिळालं. म्हणजे उत्तर तिथे होतंच. मर्विन नसता तरी ते निघालंच असतं. 

डेल्मरने मग पेटी उघडली आणि आपलं खरं काम सांगितलं. त्याची नात ब्रिन स्पोकेनला नर्स आहे. शिकारीची आवड घरात तिला एकटीलाच. बंदूक तिला द्यायची, आणि या शरद ऋतूत तिला घेऊन हरणाला जायचं. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, त्यावरून पुढच्या शरद ऋतूची त्याला खात्री नव्हती. तेव्हा मर्विनने कोठा या नव्या काडतुसाचा करून द्यावा. रीमर भाड्याने मिळतो, टपालाने मागवला होता, तोही त्याने खिशातून काढून ठेवला. नवं माप जरा मोठं असल्याने जुना कोठा त्यात पुरता गिळला जाईल, खूणसुद्धा राहणार नाही, हे त्याने समाधानाने सांगितलं.

मर्विन म्हणाला की लागतील तेवढ्या पुंगळ्या मी करून देतो. हजार देतो. ब्रिनला जन्मभर पुरतील. बनवायचं कसं तेही तिला शिकवतो, साचे देतो, तिने फक्त यावं.

डेल्मर बराच वेळ खोक्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. त्याची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती. पुंगळीची मान आवळायला तो दोन वर्षांपासून मर्विनकडेच येत होता.

"ती नाही यायची, गड्या. तिला कामाच्या दोन पाळ्या, दोन पोरं. आणि तू तरी किती दिवस? तू गेल्यावर या बंदुकीला जेवू कोण घालणार?"

 मर्विनने बंदूक पेटीत परत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाला, हे मी करणार नाही. डेल्मरने वाद घातला नाही. बिलिंग्जला एक जण हे काम करतो, त्याच्याकडे नेतो, एवढंच म्हणाला. जाताना काडतुसांचं खोकं मात्र तिथेच राहिलं. विसरलं की ठेवलं, कोण जाणे.

रात्रीच्या जेवणाला आर्डिसने हरणाच्या मांसाचा रस्सा केला होता. मर्विनने सगळं सांगितलं. ती जन्मभर या काडतुसाची थट्टा करत आली होती, म्हणून त्याला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिने पाव मोडला आणि बिलिंग्जचा तो माणूस कसा आहे म्हणून विचारलं. मर्विनला खोटं बोलवेना. तो म्हणाला, घाई करतो. गेल्या वर्षी एकाचा कोठा वाकडा कोरून ठेवला होता, असा कोठा बार करताना तोंडावर फुटू शकतो.

"मग ब्रिनच्या गालाजवळ ती बंदूक असताना तुला झोप येईल का?" आर्डिसने विचारलं.

रविवारी चर्चमध्ये पास्टरने स्तोत्र गायलं, एका सुरावर धरून, हळूहळू, जसा तो नेहमी गातो तसं. मर्विन खर्जात साथ करायचा. वीस-पंचवीस माणसांच्या त्या गाण्याला खालून आधार देणारा आवाज त्याचाच होता. त्या दिवशी त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. प्रार्थना करायची तर कशासाठी करायची? काडतुसासाठी? गुडघ्यावर टेकून देवाला सांगावं इतकी मोठी गोष्ट ती नाही, हे त्याला कळत होतं. आणि त्याहून मोठं असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, हेही. त्याने ओठ नुसते हलवले. घरी आल्यावर डेल्मरला फोन केला आणि म्हणाला, घेऊन ये.

काम त्याने एकट्याने केलं. डेल्मरला सांगितलं, तू आत आर्डिसपाशी बस, वाळक्या चेरींची गोड पाई केलीय तिने. बोल्ट काढला, नळी सोडवली, लेथवर चढवली. घड्याळासारखा काटा लावून नळी इतकी नेमकी मध्यावर आणली की काटा श्वासानेसुद्धा हलू नये. कोठ्यात त्याने दिवा धरला. आत त्याचंच काम चमकत होतं, वीस वर्षांपूर्वीचं. खांद्याचा तो उतार, मानेकडे निमुळता होत गेलेला. अशी एकही रेघ नव्हती की जी आज वेगळी काढावीशी वाटावी.

मोटर त्याने लावली नाही. रीमरला तेल लावलं, आत सरकवला आणि हाताने फिरवू लागला. पहिल्या फेऱ्यात काहीच लागलं नाही. मग पोलाद करकरलं. त्याने रीमर बाहेर काढला, पात्यांवर केसासारखा किस आला होता. फडक्याने पुसला, तेल लावलं, पुन्हा आत. घाईने हे काम होत नाही. थोडं कापायचं, काढायचं, पुसायचं. फडकं काळं होत गेलं. मन म्हणत होतं, एक वळण वाकडं गेलं तर नळी वाया जाईल आणि त्यात तुझी चूक होती हे कुणाला कळणारही नाही. हाताला मात्र वाकडं काम करता येत नव्हतं. तो हात धरून कुणी तरी ते काम करून घेत होतं, आणि थांब म्हणायची सोय नव्हती.

शेवटी त्याने नळी बंदुकीला परत जोडली आणि मापाची काडी घालून बोल्ट मिटवून पाहिला. अलगद मिटला. मग त्याने करू नये ते केलं. आपली एक पुंगळी घेतली आणि त्या कोठ्यात सोडली. ती आत जाऊन सैल खडखडली. परक्या घरात शिरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दोघं मैदानावर गेले. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि पायाखालून टोळ उडत होते. दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे नाव ओरडायचाही प्रश्न आला नाही. डेल्मर बाकावर बसला, वाकड्या बोटांनी खोक्यातलं एक काडतूस काढलं, भरलं आणि बार केला. मग दुसरा. मग तिसरा. मर्विनने दुर्बिणीतून पाहिलं. तीन भोकं एकमेकांत शिरून एकच भोक झालं होतं. इतकं चांगलं ती बंदूक पूर्वी कधी मारत नव्हती.

"बघ की," डेल्मर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुझ्याच हातचं काम आहे हे, मर्विन. रीमर अजून चार दिवस आपल्याकडे आहे. तुझीही करून टाक."

 मर्विन बाकाच्या उजव्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि गवत चाचपू लागला. रानमांजरवाला बार काढला की पहिल्यांदा हेच करतो. एकेक पुंगळी हाताने घडवलेली असते, ती गवतात टाकून कुणी जात नाही. बर्फात, चिखलात, अंधारात ही माणसं रांगत पुंगळ्या शोधतात. डेल्मरही इतकी वर्षं त्याच्या शेजारी रांगला होता.

"राहू दे रे," डेल्मर बंदूक पेटीत ठेवत म्हणाला. "खोक्यात आहेत अजून. दुकानात तर ढिगाने."

मर्विनला दोन सापडल्या. अजून कोमट होत्या. तिसरी सापडेना. त्याने गवत बाजूला केलं, थोडा पुढे सरकला, पुन्हा मागे आला, तीच जागा पुन्हा चाचपली. मागे डेल्मरने गाडी सुरू केली होती.