शेकोटीपाशी तीन वेळा

शिवबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण येशूच्या शेवटच्या जेवणापासून त्याला थडग्यात ठेवलं तिथपर्यंतची सगळी गोष्ट तिला तोंडपाठ होती. मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या एका म्हातारीकडून ती लहानपणी ऐकून ऐकून शिकलेली. चाळीस वर्षं झाली, दर गुड फ्रायडेला सोलापुरातल्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये पाळकसाहेब पुस्तक मिटून ठेवत आणि शिवबाई पदर सावरून उभी राही. पाऊण तास बोले. शब्द इकडचा तिकडे होत नसे.

तिची सून दिपाली शाळेत शिकवायची आणि पोस्टाने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम करायची. यंदा निबंधाला विषय होता, येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधी ती कुणाच्या तोंडी होती. येशू गेल्यावर कितीतरी वर्षं या गोष्टी लोकांनी नुसत्या सांगून-ऐकून जपल्या, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. दिपालीला वाटलं, आपल्याकडे तर जितंजागतं उदाहरण घरात बसलंय. मार्चमधल्या एका दुपारी तिनं मोबाईल सासूसमोर ठेवला आणि म्हणाली, "सांगा आत्या."

शिवबाई सांगू लागली. अंगणातल्या शेकोटीपर्यंत आली. येशूला आत धरून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र बाहेर हात शेकत बसलाय, दासी त्याला विचारते, तूही येशूबरोबर होतास ना?

"पेत्र म्हणाला, मी न्हाय वळखत भीमाला."

दिपालीला हसू आलं. "आत्या, भीमा कोण?"

शिवबाईचं तोंड उतरलं. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. "बंद कर ते. आदी बंद कर."

भीमा म्हणजे शिवबाईचा धाकटा भाऊ, तरुणपणीच वारलेला, एवढं दिपालीला ठाऊक होतं. त्याची बायको बजाबाई दोन गल्ल्या सोडून राहायची. मग तो येशूच्या जागी कसा आला? विचारायचा धीर तिला झाला नाही.

पुढच्या पंधरवड्यात आणखी काय काय झालं. भाजीत मीठ दोनदा पडलं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेली शिवबाई परत येताना स्वतःच्या दारापुढून तीनदा गेली आणि शेवटी शेजारणीनं हात धरून आणली. डॉक्टर म्हणाले, स्मरण हळूहळू जाणार. आजचं आधी जाईल, जुनं वर येत राहील.

जुनं वर येईल, एवढंच मनात घेऊन शिवबाई घरी आली. चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"दिपा, लई भ्या वाटतंय गं. माझी जीब आता माझ्या ताब्यात न्हाय. भर चर्चात निगालं तर?"

"काय निघेल, आत्या?"

मग तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात वैरागच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं. ती आणि भीमा खडी फोडत होते. दुपारी भीमा दुसऱ्यांच्या घागरीतलं पाणी प्याला. विटाळ केला म्हणून माणसं काठ्या घेऊन आली.

"एकानं मला इचारलं, ह्यो तुजा कोण? मी म्हनलं, वळखत न्हाय. दुसरा म्हनला, तुमची तोंडं सारखी हायती की. मी म्हनलं, न्हाय. मग मुकादम म्हनला, सकाळी संगंच आला न्हवं? तवा बी न्हायच म्हनलं."

"तीन वेळा? पेत्रासारखंच?"

"तवा मोजलं न्हाय. मागनं मोजलं."

भीमा दोन दिवस दवाखान्यात तडफडला आणि गेला. बजाबाई तेव्हा बाळंतपणाला मंगळवेढ्याला, माहेरी. मी पाणी आणाया गेले हुते, मला कायबी दिसलं न्हाय, असं शिवबाईनं तिला सांगितलं. त्या एका वाक्यावर पन्नासहून जास्त वर्षं दोघींनी एकमेकींच्या आधारानं काढली होती. आणि दर गुड फ्रायडेला बजाबाई पहिल्या रांगेत बसायची.

"यंदा तुम्ही सांगूच नका," दिपाली म्हणाली. "पाळकसाहेब वाचतील."

"आन इसरून गेले तर? मग भीमाचं काय झालं ते कुनालाच ठावं न्हाय." तिनं दिपालीचा हात धरला. "दिपा, तितं अंगनात पेत्राच्या वळखीचं कुनीच नव्हतं. मग त्यो न्हाय म्हनला ते लोकास्नी सांगितलं कुनी?"

हाच प्रश्न दिपालीनं पुस्तिकेत वाचला होता. उत्तर तिच्या तोंडातून निसटलं. "त्यानंच सांगितलं असेल, आत्या."

बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "पण तुम्ही नका सांगू."

गुड फ्रायडेला ऊन रणरणत होतं. चर्चमधले पंखे नुसतीच गरम हवा फिरवत होते. दिपालीनं किती विनवलं तरी शिवबाई उभी राहिलीच. शेवटचं जेवण झालं, बागेतली प्रार्थना झाली, दगाबाज शिष्याचं चुंबन झालं, धरपकड झाली. सगळं बिनचूक. मग शेकोटी आली, आणि शिवबाई थांबली. इतकी थांबली की पाळकसाहेबांनी पुस्तक उघडायला हात पुढं केला.

"मी म्हनलं, वळखत न्हाय," शिवबाई म्हणाली. "त्याला काठ्या घालीत हुते आन मी म्हनलं, ह्यो माजा कुनी न्हाय. तीनदा म्हनलं. माज्या भीमाला."

पहिल्या रांगेत बजाबाई उठून उभी राहिली. दिपालीला वाटलं, आता ही धावून जाईल, नाहीतर इथंच कोसळेल.

बजाबाईनं एवढंच विचारलं, "वन्सं, तवा ह्यांनी बगितलं का तुमच्याकडं?"

"बगितलं," शिवबाई म्हणाली.

बजाबाई चपला न घालताच तापलेल्या फरशीवरून बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवबाईनं विचारलं, "दिपा, बजाला काय कळलं न्हाय न्हवं?" दिपालीनं खरं ते सांगितलं. शिवबाईनं तोंडावर पदर ओढला, दार लावून घे म्हणाली. रविवारी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा दार लावायला लावलं. सोमवारी दिपाली खोटं बोलली, म्हणाली, नाही कळलं. तर शिवबाई दिवसभर येणाऱ्या शुक्रवारच्या धास्तीनं दाराशी बसून राहिली. गुड फ्रायडे होऊन गेलाय, हे तिला पटेना.

शेवटी दिपाली बजाबाईकडं गेली. ती ज्वारी पाखडत होती. मान वर केली नाही.

"माफ केलं म्हनाया मी येनार न्हाय."

"नका म्हणू, मामी. ऐकलं, एवढंच सांगा. माझ्या सांगण्यानं त्यांची भीती जात नाही."

बजाबाई आली ती चार दिवसांनी, सकाळी. उंबऱ्याच्या आत आली, बसली नाही.

"वन्सं, तुमी सांगितलं. मी आयकलं."

"समदं?"

"समदं."

शिवबाईनं तोंडावर धरलेला पदर सोडला. बजाबाई दिपालीकडं वळली. "त्ये वहीत लिवून ठिव. आमी दोगी हाव तवर लिव. ह्यांचं नाव घाल. मी काय इचारलं ते बी घाल."

दिपालीनं लिहिलं. निबंधात नाही, वेगळ्या वहीत.

दुसऱ्या दिवशी शिवबाईनं पुन्हा तेच विचारलं. दिपालीनं बजाबाईला बोलवायला शेजारच्या मुलीला पाठवलं. बजाबाई हातातलं काम टाकून आली, आणि यावेळी बसली.