शेंडे वाळले, खोड हिरवे

मित्रांनो, मुखेडजवळ शेषेरावांच्या बांधावर उभा असलेला मी एक जुना कडुनिंब आहे. खोडावर डिंक दिसला की लोक त्याला माझे अश्रू म्हणतात. तो डिंकच असतो. झाडे रडत नाहीत. मात्र माझ्यावर जे गुदरले ते माझ्या लाकडात उमटले आहे, आणि तेवढेच सांगतो.

पक्ष्याने टाकलेल्या निंबोळीतून मी उगवलो. पुढे गवत कापून दमलेली माणसे माझ्या सावलीत भाकरी खाऊ लागली. बसण्याआधी ती विळा माझ्या खोडात रोवून ठेवत. आमच्या लिंबाखाली उन्हाळा कळत नाही, असे शेषेराव पाहुण्यांना सांगत. विळ्याची प्रत्येक खाच मी कडेच्या पेशी कठीण करून बंद केली.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, एका बुरशीचे बीजाणू माझ्या कोवळ्या शेंड्यांवर उतरले. झाडाला पळता येत नाही. ते वाटा बंद करते. पाणी नेणाऱ्या नलिका डिंकाने बुजल्या, पेशींच्या भिंती जाड झाल्या, तुरट रसायने साठली. शेंडे पाण्याविना वाळले. बुरशी बहुतेक ठिकाणी तिथेच अडली.

खालून पाहणाऱ्याला मात्र भाजल्यासारखे तपकिरी झाड दिसले. दुसऱ्या वर्षीही तेच झाले, तेव्हा शेषेरावांनी आरागिरणीच्या माणसाला बोलावले. तो दोरीने माझा घेर मोजून गेला.

शेषेरावांची सून विशाखा लातूरला वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिने नखाने एका फांदीची साल खरवडली.

“मामा, हे बघा. आत हिरवं हाय.”

“हाय की. पर शेंडे बघ. दरसाल वाळूनच राहिलाय.”

रोग खाली उतरू नये म्हणून झाडानेच शेंड्यांचे पाणी तोडले, हे तिने सासऱ्यांना समजावले. लिंबाला एवढी अक्कल असती तर त्यालाच लातूरच्या क्लासला घातलं असतं, असे ते म्हणाले. विशाखा हसली नाही.

“अक्कल न्हाई मामा, जीव हाय. चैत्रापर्यंत थांबा. पालवी न्हाई फुटली, तर त्या माणसाला मीच फोन लावते.”

तिचे बरोबर होते. मला अक्कल नाही. मेलेल्या शेंड्यांखाली काही सुप्त डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब होते आणि लाकडात साठवलेले थोडे पिष्ट शिल्लक होते. चैत्रात ते खर्ची पडले आणि पालवी फुटली, पूर्वीपेक्षा विरळ. पुन्हा चौकशीला आलेला आरागिरणीचा माणूस रिकाम्या हाताने परतला. याला मी विजय म्हणत नाही. बुरशी दर पावसाळ्यात येते, आणि साठा दरवर्षी घटतो.

पावसात केलेली प्रत्येक ओली खाच म्हणजे बुरशीला उघडे दार, हेही विशाखाने घरात सांगितले होते. श्रावणात शेषेराव गवत कापून सावलीत आले. सवयीने हात वर गेला. पाते सालीपाशी थांबले. मग विळा खाली दगडावर ठेवून त्यांनी भाकरीचे फडके सोडले.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या सावलीत याल तेव्हा हत्यार दगडावर ठेवा. आतल्या वाटा मी बंद करीन, जमेल तोवर.